जिना चढतोय

मास्तरांना सगळे पाठीमागे कात्रीमास्तर म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. राग यायचा नाही. उलट एखादा नवा नट चुकून तोंडावर तसं म्हणून गेला आणि जीभ चावून उभा राहिला, की मास्तर म्हणायचे, "घाबरू नकोस. तुझं काम अजून कापलेलं नाही. अजून."

नाव कमावलेलं होतं. तरुणपणी त्यांनी स्वतःची दोन नाटकं लिहिली. पहिलं बरं चाललं. दुसरं असं आपटलं, की शेवटच्या प्रयोगाला मध्यंतरात एक नट घरी निघून गेला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर नवं काही लिहायला घेतलं की पहिल्याच पानावर हात थिजायचा. पाणीपुरवठा खात्यात नोकरी होती. सकाळी नळजोडणीचे अर्ज तपासायचे आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या तालमींत कोपऱ्यात बसायचं, यातच सगळं संपलं असतं. पण एका कादंबरीकाराने आपलं जाडजूड पुस्तक त्यांच्यापुढे टाकलं आणि म्हणाला, बघा बुवा, याचं नाटक होतं का. त्यात तीन पिढ्या होत्या, दोन लग्नं होती, एक पूर, एक खटला आणि एक हरवलेला आजोबा. मास्तरांच्या हातून बाहेर काय आलं, तर सहा नट आणि एक टेबल. लेखक पहिल्या प्रयोगाला आला, मध्यंतरात त्यांना गाठून म्हणाला, "माझा आजोबा कुठाय?" मास्तर म्हणाले, "हरवलाय ना? मग सापडायचा कसा?" नाटक मात्र जोरात चाललं, आणि लेखकाने पुढे कुणाला सांगताना आजोबाचं नावही काढलं नाही.

मग मास्तर तेच करत राहिले. हातात तांबडी पेन्सिल घेऊन कादंबरी वाचायची, आणि प्रत्येक पात्राला एकच प्रश्न विचारायचा: हा करतो काय? झुरतो, आठवणी काढतो, नुसता येऊन बसतो, असली उत्तरं त्यांच्याकडे चालायची नाहीत. स्टेजवर बसायला खुर्च्या आहेत की, त्यासाठी नट कशाला? जो काही करत नाही तो जातो. या एका वाक्यावर त्यांनी अख्खी कारकीर्द काढली आणि कितीतरी लेखकांचे शिव्याशाप पोटात घातले.

आणखी दोन गोष्टींसाठी ते ओळखले जायचे. एक म्हणजे, प्रत्येक भूमिका ते आधी स्वतः करून दाखवायचे. नवरी असो, न्यायाधीश असो, बाळंतीण असो, मास्तर आपलं टक्कल आणि पोट घेऊन उभे राहायचे, आणि बघणाऱ्याला नवरीच दिसायची. दुसरी गोष्ट रंगीत तालमीची. कपडे, रंग, दिवे, संगीत यांसकट होणारी ती शेवटची तालीम कशासाठीही थांबवायची नाही. मास्तरांचे गुरू सांगायचे की रंगीत तालीम म्हणजे बाळंतपण, ते अर्ध्यात कसं थांबवणार? तेव्हा अंक चालू असताना मास्तरांशी बोलायला कुणी गेलंच, तर ते स्टेजवरची नजर न काढता उजव्या हाताचा पंजा वर करायचे. पंजा खाली येईपर्यंत बोलायचं नाही. वीज गेली, नटाच्या पायात खिळा गेला, एकदा तर मागच्या पडद्याने पेट घेतला, तरी पंजा वरच. पडदा विझवला घड्याळबाईंनी. घड्याळबाई म्हणजे मास्तरांच्या बॅकस्टेजच्या प्रमुख, सुरुवातीपासून सोबत असलेल्या. त्यांचं खरं नाव त्या स्वतःही विसरल्या असाव्यात.

घरी कात्री चालली नाही, किंवा फार चालली, काय म्हणायचं ते म्हणा. बायकोने भांडणतंटा काही केला नाही. एक दिवस बॅग भरली आणि बहिणीकडे राहायला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुमच्या आयुष्यात मला पहिल्या अंकातच काम होतं. दुसऱ्या अंकात मी नुसती विंगेत उभी आहे." वाक्य चांगलं होतं. मास्तरांनी ते पुढे एका नाटकात वापरलं. असा हा माणूस.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत होते. पंधरवड्यातून एकदा ताईकडे जात. ताई त्यांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली, कोरडं बोलणारी, गालात हसणारी. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती, ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ताईने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं होतं. ती कादंबरी कुणी फारशी वाचली नाही. मास्तरांनी वाचली होती, एकदाच, आणि मग कपाटात अशी मागे सारली, की पुन्हा हाताला लागू नये.

कारण ती त्यांच्या घराची गोष्ट होती. तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड, लाकडी जिना, मागच्या खोलीत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई. आईला उठता यायचं नाही, पण कान शाबूत. जिन्यावरच्या पावलांवरून ती दूधवाला ओळखायची, शेजारीण ओळखायची, आणि मुलाची वाट बघत पडून राहायची. मुलगी तिचं सगळं करायची. मुलगा कधीतरी यायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, चहा गार होईपर्यंत गप्प राहायचा आणि निघायचा.

इथपर्यंत सगळं खरं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं खोटं होतं. कादंबरीत आई शेवटच्या घटका मोजत असताना विचारते, "आला का?" मुलगी म्हणते, "जिना चढतोय." आणि मुलगा खरंच येतो. आई त्याच्या हातावर हात ठेवते आणि जाते.

खरी गोष्ट अशी, की मुलगा आलाच नव्हता. त्या दिवशी मास्तरांच्या पहिल्या नाटकाची रंगीत तालीम होती. नाट्यगृहाच्या कचेरीत निरोप आला, तो कुणीतरी धावत आणून दिला, आणि मास्तर म्हणाले, "एवढा अंक होऊ दे." ते घरी पोचले तेव्हा शेजारणी पदर तोंडाला लावून जिन्यात उभ्या होत्या. ताई त्यांना एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. म्हणून कादंबरीतलं ते शेवटचं प्रकरण वाचल्यावर मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. तोंडावर बोलायचं नाही आणि छापून टोमणा मारायचा, असं त्यांनी धरलं आणि तो काटा मनात तसाच ठेवला.

मग ताई आजारी पडली. आजार वाईट होता आणि उशिरा कळला होता. डॉक्टरांनी भाचीला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. ताईला कुणी काही सांगितलं नाही, आणि तिला सगळं कळलं. एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई ती, लोक काय बोलतात यापेक्षा कुठे गप्प होतात हे तिला आधी ऐकू यायचं.

मास्तर भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "छोट्या, जगभरच्या लोकांची पुस्तकं स्टेजवर आणलीस. माझं एक तेवढं राहिलं."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्यात नाटक नाही गं ताई."

"नसू दे. मी असेपर्यंत कर म्हणजे झालं."

याला नाही कसं म्हणणार? शिवाय, खरं सांगायचं तर, मास्तरांनाही कामाची गरज होती. गेली काही वर्षं त्यांचं एकही नाटक उभं राहिलं नव्हतं. नव्या पोरांना ते जुने वाटायचे आणि जुने लोक एकेक करून जात होते. एका छोट्या नाट्यगृहाने पावसाळ्यानंतरच्या तारखा दिल्या. मास्तरांनी कपाटामागून पुस्तक काढलं, धूळ पुसली, पेन्सिलीला टोक काढलं.

आणि पहिल्याच वाचनात मुलाला कापला.

कारण तयार होतं. तो करतो काय? येतो, बसतो, जातो. नियम म्हणजे नियम, स्वतःसाठी वेगळा थोडाच लावायचा? उरली आई, मुलगी, शेजारीण आणि डॉक्टर. शेवटी आई मुलीच्या मांडीवर जाते, अंधार, पडदा. काम झटपट झालं.

तालमी सुरू झाल्या. शाळेच्या मागचा हॉल होता, भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटांच्या गंजाचा वास, वर कुरकुरणारा पंखा. पहिला अंक बसला. दुसरा काही केल्या बसेना. आईचं काम करणारी नटी मोठी तयारीची होती, पण तीही अंथरुणावर नुसती पडून राहायची. चौथ्या की पाचव्या दिवशी ती उठून बसली आणि म्हणाली, "मास्तर, मी मरत का नाहीये? म्हणजे, कशासाठी थांबलेय?"

मास्तरांनी मान हलवली, करून दाखवतो म्हणाले, चटईवर आडवे झाले. आणि पडूनच राहिले. नट एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर उठले, विजारीची धूळ झटकली आणि म्हणाले, "आज इथेच थांबू." त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते संहिता घेऊन ताईकडे गेले. तिने चष्मा लावला, पानं उलटली. वाचायला तिला पूर्वीपेक्षा फार वेळ लागत होता. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून होते, परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"मुलगा कुठाय?" ताईने विचारलं.

"कापला."

"का?"

"तो काही करत नाही, ताई."

ताईने चष्मा काढला. "काही करत नाही? अरे, अख्खी कादंबरी आई वाट बघते आणि तो येत नाही. एवढं मोठं काम दुसऱ्या कुणाला दिलंय का मी त्यात?"

मास्तरांचं इतकी वर्षं गिळून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "मला टोमणाच मारायचा होता तर खरं लिहायचंस. तो आला नाही असं लिहायचंस. आला म्हणून कशाला लिहिलंस? वाचून माझा जीव गेला तेव्हा."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "टोमणा?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तू ते टोमणा म्हणून घेऊन बसलास? अरे वेड्या, आई विचारत होती, आला का, आला का. मी म्हटलं, जिना चढतोय. मग तिने डोळे मिटले आणि हात असा पुढे केला, गादीवर, तू बसायचास त्या बाजूला. मी त्या हातात माझा हात दिला. तिने तो दाबला आणि म्हणाली, आलास? आता सांग, आईच्या दृष्टीने तू आलास की नाही? तिने जे पाहिलं ते मी लिहिलं. माझ्या मनात तुला टोचायचं काहीसुद्धा नव्हतं. उलट तुझं तेवढं येणं राहून जायला नको म्हणून लिहिलं."

मास्तरांना रडू आलं. नाटकातलं रडणं त्यांना येत होतं, शंभर जणांना त्यांनी ते शिकवलं होतं. हे वेगळं होतं, कुरूप आणि नाकातून येणारं. ताईने त्यांना उशीखालचा रुमाल दिला आणि ते आवरेपर्यंत भिंतीकडे बघत राहिली.

मग मास्तरांनी विचारलं, "स्टेजवर काय दाखवू? खरं, का तुझं?"

"माझं दाखव. खरं आपल्या दोघांना माहीत आहे, तेवढं पुरे."

निघताना मास्तर दारात वळले. "ताई, या वेळी मी येईन. काही वाटलं तर नुसता फोन करायला सांग. असेन तसा उठून येईन."

"बरं," ताई म्हणाली. "दार लावून घे जाताना."

मुलगा नाटकात परत आला. आणि दुसरा अंक, जो आठवडाभर मेल्यासारखा पडला होता, तो उठून बसला. आता आईला ऐकायला पावलं होती. विंगेत एक लाकडी खोका ठेवला, त्यावर बूट आपटून जिन्याचा आवाज काढायचा असं ठरलं. शेजारीण चढते, डॉक्टर चढतो, आईचा चेहरा दर वेळी उजळतो आणि विझतो. नटी म्हणाली, "हां, आता मरता येईल." सगळे हसले.

अडलं ते शेवटच्या प्रवेशावर. मुलाचं काम करणारा नट धडपड्या होता. तो धापा टाकत आत घुसायचा, खुर्ची पाडायचा, आईच्या अंगावर कोसळायचा.

"असं नाही," मास्तर म्हणाले.

मग तो पाय ओढत आला. तेही नाही. मग डोळे पुसत आला. "अरे, अजून ती गेली नाही, तू आधीच कसला सुतकी चेहरा घेऊन येतोस?"

शेवटी नट वैतागला. "मास्तर, सगळ्यांना करून दाखवता. हे एवढं एकदा करून दाखवा ना."

मास्तर विंगेत गेले. सगळे वाट बघत राहिले. आत खोक्यावर पावलं वाजली, एक, दोन, तीन, आणि थांबली. मास्तर बाहेर आलेच नाहीत. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने येऊन ते आपल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चला, त्याच्या आधीपासून घेऊ." घड्याळबाईंनी सगळ्यांवर अशी नजर टाकली, की कुणी काही विचारलं नाही.

एव्हाना ताईला इस्पितळात हलवलं होतं. तळमजल्यावरचा वॉर्ड, खिडकीबाहेर अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या. मास्तर रोज सकाळी जात. "बरं झालं खालीच खाट मिळाली," ताई म्हणाली. "तुझे गुडघे वाचले." तिचा आवाज आता ऐकायला वाकावं लागायचं. ती नाटकाचं सगळं विचारायची. दिवे कोणते, आईला पांघरूण कसलं, शेजारीण जास्त बोलत नाही ना.

"एक अडलंय," मास्तर म्हणाले. "तो आत कसा येईल गं?"

ताई गालात हसली. "मला काय ठाऊक? मी कधी पाहिलं त्याला वेळेवर येताना?"

मास्तरही हसले, हसता हसता खाली बघायला लागले. ताईने त्यांच्या मनगटाला हात लावला. "हे बघ. आपण वेळेवर आलोय हे त्याला माहीत नाही ना अजून. त्याला वाटतंय उशीर झाला. म्हणून तो दारात थांबेल. आत बघायची भीती वाटेल त्याला. आई बघेल त्याच्याकडे, तेव्हा कुठे पाऊल टाकेल."

इतकं साधं होतं. मास्तर रस्त्याने चालताना स्वतःशीच मान हलवत होते.

रंगीत तालीम दुपारी होती. परवावर शुभारंभाचा प्रयोग आलेला. सकाळी ताईला ग्लानी होती, डॉक्टर म्हणाले, असं चालू राहील काही दिवस. भाची म्हणाली, "तुम्ही जा मामा, मी आहे. वाटलं तर फोन करते." नाट्यगृहात पाऊल टाकल्याबरोबर मास्तरांनी आपला फोन घड्याळबाईंच्या हातात दिला. "बाई, भाचीचा फोन आला की मला येऊन सांगायचं. लगेच."

घड्याळबाईंनी विचारलं, "अंक चालू असला तरी?"

"अंक चालू असला तरी."

पहिला अंक छान गेला. इतका छान, की मास्तरांना धाकधूक वाटायला लागली. दुसरा सुरू झाला. दिवे मंद, मागच्या खोलीची एक भिंत, खिडकी, खुर्ची, आई. शेजारीण चढली, उतरली. डॉक्टर येऊन गेले. मास्तर पाचव्या रांगेत एकटेच, गुडघ्यावर पॅड, पण एक अक्षर लिहिलं नव्हतं. ते तालीम बघत नव्हते, त्या खोलीत बसले होते.

उजव्या बाजूने पावलं आली आणि खुर्चीशी थांबली. घड्याळबाई वाकल्या. "मास्तर. भाचीचा फोन आहे. ताई विचारतायत, म्हणाली लगेच या."

स्टेजवर आईने मान वळवली. "आला का?"

मास्तरांचा उजवा हात वर गेला.

तो त्यांनी केला असं म्हणणं अवघड आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने तो आपसूक गेला असंही म्हणता येईल, आणि नंतर मास्तरांनी स्वतःला तेच सांगायचा प्रयत्न केला. पण खरं असं, की हात वर गेल्याचं त्यांना कळलं होतं. खाली घेता आला असता. आणि त्यांनी तो घेतला नाही. एवढा एकदा त्याला आत येऊ दे, असं त्यांच्या मनात आलं. एवढा एकदा येऊ दे, मग मी जातो.

"जिना चढतोय," मुलगी म्हणाली.

खोक्यावर पावलं वाजायला लागली. सावकाश, मग भरभर, मग पुन्हा सावकाश. दारात नट येऊन उभा राहिला. चौकटीला हात टेकला. आत बघेना. बघायची हिंमतच होईना त्याला. आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्याने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. खुर्चीत बसला. तिचा हात त्याच्या हातावर आला. "आलास?" ती म्हणाली.

विंगेत शेजारणीचं काम करणारी नटी तोंडावर हात धरून रडत होती. मास्तरांच्या सगळ्या कारकिर्दीत असा प्रवेश झाला नव्हता.

पंजा खाली आला. मास्तर उठले, पॅड पायात पडलं, त्याला अडखळून ते रांगेतून बाहेर पडले. घड्याळबाई अजून फोन हातात धरून उभ्या होत्या. पलीकडून तो ठेवला गेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, दोन्ही. "मी सांगितलं होतं हो," त्या म्हणाल्या. "मी लगेच सांगितलं होतं."

बाहेर लख्ख ऊन. टॅक्सी मिळाली, सिग्नलला अडली, मिळेल त्या वाटेने सुटली. चालक गप्पिष्ट होता, उन्हाबद्दल काहीबाही बोलत होता, आणि मास्तर त्याला हो म्हणत होते. इस्पितळाच्या फाटकातून अ‍ॅम्ब्युलन्सच्या मधून वाट काढत ते आले, वॉर्डाच्या दाराशी पोचले आणि थांबले. चौकटीला हात टेकला. आत बघवेना.

त्यांच्याकडे बघणारं आत कुणी नव्हतं. खाटेभोवती पडदा ओढला होता. पडद्याबाहेर भाची स्टुलावर बसली होती, ताईचा चष्मा हातात धरून. आपल्या कामाच्या सवयीने ती त्याच्या काचा पुसत होती. मास्तरांना बघून ती उठली नाही.

"आत्ताच," ती म्हणाली.

मास्तरांना खाली बसायचं होतं, पण दुसरं स्टूल नव्हतं. ते उभेच राहिले.

"चांगली जागी झाली होती," भाची म्हणाली. ती काचेकडे बघत बोलत होती. "तुम्हाला विचारत होती. आला का, आला का, सारखं. मी फोन केला, फोन तसाच चालू होता, लांबून नाटकातलं बोलणं ऐकू येत होतं. मला दुसरं काही सुचेना. तिच्या पुस्तकातलंच सांगितलं. म्हटलं, आला मामा, जिना चढतोय."

तिने चष्मा मिटला आणि मांडीवर ठेवला.

"ती हसली, मामा. म्हणाली, 'अगं, इथे कुठला जिना?'"